काटकोनाची फूटपट्टी

मी एक फूटपट्टी बोलतेय. सरळ बोलायची सवय आहे, तेव्हा एखादा शब्द टोचला तर राग मानू नका.

माझा जन्म एका लहानशा सुतारशाळेत झाला. लाकूड तासून, घासून, कडेला पितळेची पातळ पट्टी बसवून माझ्या अंगावर आकडे उठवले. सातचा आकडा जरा पुसट उठला, म्हणून दुकानदाराने मला स्वस्तात काढलं. मला घेणारा माणूस तेव्हा पंचविशीचा होता, इमारतींचे नकाशे काढायच्या नोकरीत नुकताच लागलेला. पुढे पस्तीस वर्षं त्याने एकही रेघ माझ्याशिवाय मारली नाही. कचेरीत त्याला सगळे 'काटकोन' म्हणत. समोर नाही, पाठीमागे. त्यालाही ते ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर आवडायचंही.

निवृत्त झाल्यावर काटकोन घरच सरळ करायला निघाले. भिंतीवरचं घड्याळ, दारातलं पायपुसणं, चादरीची घडी. त्यांची बायको शिवणकाम करते. फ्रॉकसाठी आलेल्या मुलीकडे ती एकदा डोळे बारीक करून बघते आणि फ्रॉक बेतते. काटकोन मला घेऊन धावायचे. "अगं, निदान मोजून तरी काप!" ती तोंडातली टाचणी काढून म्हणायची, "तुम्ही मोजा. तोवर मी शिवून टाकते."

एक दिवस तिने वाचनालयाच्या वरच्या खोलीतल्या चित्रांच्या वर्गात नाव घातलं. स्वतःचंही आणि नवऱ्याचंही. डोंगरावरच्या वस्तीतली एक ताई तिथे दर शनिवारी सकाळी आदिवासी पद्धतीची चित्रं शिकवायची. तिच्या घरी आई, मावशी, आजी सगळ्याच भिंतींवर काढायच्या. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून ठेवायचे की माणसाचं अंग झालं, वर गोल डोकं, बाजूला काडीसारखे हातपाय. त्रिकोण म्हटल्यावर काटकोनांचा चेहरा खुलला. मला शर्टाच्या खिशात खोचूनच ते वर्गात शिरले.

पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्या आधाराने बारा नाचणारी माणसं काढली. एकसारखी, एका उंचीची. ताईने कागद उचलला, बराच वेळ पाहिला.

"काका, ही नाचतायत की रांगेत उभी आहेत?"

सगळा वर्ग हसला. सगळ्यात मोठ्याने हसली ती बायको. ताईने मला अलगद उचललं आणि खिडकीत ठेवलं. "पट्टी इथे हवा खाईल. तुम्ही हाताने काढा."

आता एक गोष्ट सांगते, जी तेव्हा मला एकटीलाच माहीत होती. वर्षभरापासून काटकोनांचा उजवा हात थरथरत होता. मला कागदावर दाबून धरलं की रेघ सरळ यायची, कुणाला कळायचं नाही. चहाचा कप ते डाव्या हाताने उचलायचे, सही करायची वेळ आली की चष्मा सापडत नाही म्हणायचे. त्यांच्या थोरल्या भावाचं दुखणं असंच हातापासून सुरू झालं होतं. शेवटी त्याला घास भरवावा लागायचा.

पुढचे दोन शनिवार काटकोन नुसते बसून राहिले. कधी रंगात बुडवायची बांबूची काडी बोथट होती, कधी रंग पातळ होता, कधी उजेड चुकीच्या बाजूने येत होता. शेजारी बायकोने झाड काढलं, झाडावर माकडं काढली, एका माकडाला चष्माही घातला. ते कोणाचं चित्र होतं हे मी सांगायला नको.

त्यानंतरच्या शनिवारी ते उठलेच. "हे पोरखेळ आपल्याला जमायचे नाहीत."

"चुकायची एवढी भीती?" बायको म्हणाली.

"चुकायचा प्रश्न नाही!" ते एवढ्या मोठ्याने ओरडले की सगळ्यांच्या काड्या थांबल्या.

ते निघाले तशी ताईने त्यांच्या हातात पांढऱ्या रंगाची बशी दिली. "काका, तेवढी टेबलावर ठेवाल?" बशीत काडी होती. ती टकटक वाजायला लागली. ते दोन पावलं गेले आणि रंग शर्टावर सांडला.

"हात कधीपासून थरथरतोय?" ताईने सरळच विचारलं.

बायको जागची उठली. बशी काढून घेऊन तिने तो हात आपल्या दोन्ही हातांत धरला. तिचेही हात रंगाने माखलेले होते. "भावजींसारखं होईल असं वाटलं का?" तिने हळूच विचारलं. त्यांनी होकारार्थी मान हलवली. "आणि वर्षभर हे त्या पट्टीला सांगत बसलात? मी काय मेले होते?"

मी खिडकीत होते, पण मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सोमवारी दोघं डॉक्टरांकडे गेली. तपासण्या झाल्या. भावाचं दुखणं नव्हतं ते, वयाबरोबर येणारी थरथर होती. गोळी मिळाली. हात पूर्ण थांबणार नाही, असंही डॉक्टरांनी सांगितलं. घरी येईपर्यंत बायको अवाक्षर बोलली नाही. दार लावलं आणि मग मनसोक्त भांडली. शेवटी दोघांनी मिळून पोटभर जेवण केलं.

काटकोन पुन्हा वर्गात जाऊ लागले. वर्गाचे दिवस संपत आले तेव्हा वाचनालयाच्या मुलांच्या खोलीतली एक मोठी भिंत रंगवायची ठरली. हातात हात घालून फेर धरलेली माणसं. खालून सुरुवात करून बायको डावीकडून काढत वर आली, काटकोन उजवीकडून. त्यांच्या रेघा वळवळत होत्या. भिंतीला खोडरबर चालत नाही, असं ताईने आधीच बजावलं होतं, त्यामुळे जे झालं ते झालं. वर पोचल्यावर मात्र दोन टोकांमध्ये फट उरली. काटकोन सवयीने माझ्याकडे वळले.

"मोजू नका," बायको म्हणाली, "माणूस घाला."

त्यांनी श्वास घेतला आणि घातला. एक खांदा वर, एक खाली, खालचा त्रिकोण चांगलाच फुगलेला.

"हा कोण?"

"मी."

ती दोन पावलं मागे गेली, डोळे बारीक केले. "पोट बरोबर मापात आलंय."

तेव्हापासून मला बढती म्हणा की बदली म्हणा, रंग ढवळायच्या कामाला लावलंय. सहापर्यंतचे आकडे पांढऱ्या रंगाखाली गेलेत. थोडा अपमान वाटतो, नाही असं नाही. पण काटकोनांच्या शर्टाच्या खिशात आता काड्या असतात, आणि चहा ते उजव्या हाताने पितात. सांडतो. बायको फडकं पुढे करते.

एकच विनंती. तुमच्याही घरात कुणी एखादी गोष्ट आमच्यासारख्या मुक्या वस्तूला सांगत बसला असेल, तर जरा लक्ष ठेवा. आम्हाला हात किती हलला ते मोजता येतं. तो धरता येत नाही.