बाहेरच्या बांधावरून

मित्रांनो, मला एकच डोळा आहे. तीन पायांच्या घोडीवर उभी राहून मी लांबचे पक्षी जवळ आणून दाखवते. मी एक जुनी, बुटकी, वजनाने हलकी दुर्बीण आहे. माझ्यासारखीला दुकानात स्पॉटिंग स्कोप म्हणतात. तुम्हाला माझं कौतुक सांगायला मी बसलेली नाही. माझ्या हातून एक चूक झाली, ती सांगायची आहे.

एका कारखान्यात माझ्या काचा घासल्या गेल्या, अंगावर हिरवं रबर चढलं आणि मी एका दुकानाच्या कपाटात येऊन बसले. माझ्या शेजारी एक थोरली दुर्बीण होती. तिचा डोळा बशीएवढा होता, आणि संध्याकाळच्या अंधुक उजेडातही तिला स्वच्छ दिसायचं. गिऱ्हाईक आधी तिलाच हात लावी. मला वाटायचं, आपल्याला कोण घेणार?

मला घेतलं पेणच्या वृंदाबाईंनी. त्या रामवाडीत राहतात. शाळेत विज्ञान शिकवून नुकत्याच निवृत्त झाल्या होत्या. त्यांच्याबरोबर रोह्याजवळच्या अष्टमीची ऋजुता आली होती. ती पक्षी बघण्यात मुरलेली मुलगी. बाईंनी थोरलीला खांद्यावर घेऊन दुकानात चार फेऱ्या मारल्या आणि हसत खाली ठेवली. त्यांचा खांदा दुखरा होता, आणि खाडीचे बांध निसरडे. जी दुर्बीण जड म्हणून घरीच राहील ती काय कामाची, असं त्या म्हणाल्या. मग ऋजुताने मला त्यांच्या हातात दिलं.

"काकू, ही हलकी आहे, मोबाइलही हिला छान बसतो," ती म्हणाली. "पण ही कडी पंचवीस पटींच्या पुढे फिरवू नका. पुढे चित्र मोठं होतं, पण धुरकट होतं."

बाईंनी मान डोलावली आणि मी त्यांची झाले.

पहिलं वर्ष सुखाचं गेलं. भातखाचरं, खाडीकाठ, निडीचं स्टेशन सोडल्यावर लागणारी शेतं, सगळीकडे मी पिशवीतून फिरले. माझ्या डोळ्याला चिमट्याने मोबाइल अडकवला की बगळ्याचं पीससुद्धा फोटोत यायचं. बाई प्रत्येक फोटो ऋजुताच्या पक्षीमित्रांच्या ग्रुपवर टाकायच्या आणि मी मनातल्या मनात फुगायचे.

पेणच्या खाडीकडे जनूभाऊ आणि त्यांची बायको पुतळी मिठागरात काम करतात. तिथल्या एका पडीक वाफ्यात शेकाट्यांनी घरटं केलं होतं. काळ्या पंखांचा, लांब गुलाबी पायांचा हा पक्षी जमिनीवरच अंडी घालतो. एप्रिलच्या उन्हात नर-मादी आळीपाळीने पोट पाण्यात भिजवून येतात आणि अंड्यांवर बसतात, म्हणजे ती तापत नाहीत. जनूभाऊंनी बाईंना विश्वासाने जागा दाखवली. अट एकच घातली, बाहेरच्या बांधावरूनच बघायचं, बांध उतरायचा नाही. मिठागरातल्या सगळ्यांनाही त्यांनी त्या वाफ्यात न जाण्याची ताकीद दिली होती.

दोन दिवस बाईंनी बांधावरून फोटो काढले. घरटं दीडशे पावलांवर होतं. पंचवीस पटींत पक्षी बोटाच्या पेराएवढा दिसे. ग्रुपवर कुणीतरी लिहिलं की फोटो ठीक आहे, पण अंडी दिसत नाहीत. तिसऱ्या दिवशी बाईंनी माझी कडी शेवटपर्यंत फिरवली. मी जीव तोडून पाहिलं, पण माझा डोळाच लहान. त्यातून तापलेली हवा लहरत होती. मी त्यांना नुसतं धुकं दाखवलं.

बाईंनी मागे वळून पाहिलं. आजूबाजूला कुणी नव्हतं. त्यांनी मला उचललं, बांध उतरला आणि ऊन पाठीवर यावं म्हणून वळसा घालून घरट्यापासून वीस पावलांवर मला उभं केलं. शेकाट्यांची जोडी ओरडत उडाली. बऱ्याच वेळाने मादी परतली, क्षणभर अंड्यांशेजारी उभी राहिली आणि आम्हाला तो फोटो मिळाला. चार अंडी, एकेक ठिपका स्पष्ट. बाई जरा हलल्या तशी ती पुन्हा उडाली. आणखी एक चांगला मिळेल म्हणून आम्ही पाऊण तास तिथेच राहिलो. अंडी उघडी होती. ऊन किती चढलंय ते मला माझ्या नळीला चटके बसत होते त्यावरून कळत होतं.

आठवड्याने आम्ही गेलो तेव्हा घरटं सुनं होतं. अंडी तापून मेली आणि पाखरं सोडून गेली, असं जनूभाऊंनी सांगितलं. ते रागात होते. मिठाच्या टोपल्या नेताना पुतळीच जवळच्या वाटेने आत गेली असणार, असं त्यांनी सगळ्यांसमोर तिला सुनावलं. ती नाही म्हणाली. कुणी ऐकलं नाही. तिने आम्हाला चहा आणून दिला. माझा पट्टा बाईंच्या खांद्यावर होता. बाईंनी चहा प्यायला, आणि त्या काहीच बोलल्या नाहीत.

दिवाळीनंतर अष्टमीच्या सभागृहात पक्षीमित्रांनी फोटोंचं प्रदर्शन भरवलं. आमचा फोटो दारासमोरच लावला होता आणि खाली टेबलावर मला मांडलं होतं. ऋजुताने जनूभाऊ आणि पुतळीला आग्रहाने बोलावलं होतं. येणारा जाणारा वाहवा करत होता. पुतळी मात्र फोटोपुढे उभी राहिली ती हलेचना. मग ती बाईंजवळ आली आणि हळूच म्हणाली,

"बाई, पाखराच्या मागं आमची उघाडी दिसते."

उघाडी म्हणजे भरतीचं पाणी आत घ्यायचं दार. ते बाहेरच्या बांधातच आहे. बांधावर उभं राहिलं तर ते पाठीशी येतं, फोटोत येणारच नाही. म्हणजे फोटो आतून काढलेला होता.

"मंग मला बोल लावला तवा तुमी गप का बसलात?" पुतळीने विचारलं. "आता ह्यांच्यासमोर सांगा."

बाईंनी जनूभाऊंना हाक मारली. "भाऊ, बांध उतरून मी आत गेले होते. अंडी माझ्यामुळे गेली. पुतळी तिकडे फिरकलीसुद्धा नव्हती." जनूभाऊंनी एकदा बायकोकडे पाहिलं आणि ते बाहेर गेले. बाईंनी फोटो स्वतःच्या हाताने उतरवला.

त्यानंतर मी कपाटात पडले. दोन पावसाळे गेले. कोकणातली ओल माझ्या काचेत शिरली आणि कडेला बुरशी धरली. मला तक्रार करावीशी वाटली नाही. अंधारात मला ते वाळलेलं घरटंच दिसायचं. माझा डोळा थोडा मोठा असता तर, असं मी शंभरदा घोकलं. पण माझी ताकद संपली तिथे बाईंनी थांबायचं होतं, आणि जवळ नेल्यावर मी किती आनंदाने पाहिलं होतं, हेही मला ठाऊक आहे.

मग एका मार्चमध्ये पुतळी रामवाडीत घर शोधत आली. पाखरं परत बसली होती. गावातली शाळेची मुलं बघायला येत होती आणि पार घरट्यापर्यंत जात होती. बाईंचं यंत्र आणलं तर त्यांना लांबूनच दाखवता येईल, असं तिचं म्हणणं होतं. कोणत्या तोंडाने येऊ, असं बाईंनी विचारलं.

"मी इसरले नाय," पुतळी म्हणाली. "पन पाखरांचं काम हाय."

बाईंनी माझ्या काचा साफ करून घेतल्या. आता दर रविवारी मी बाहेरच्या बांधावर उभी असते. जनूभाऊ बाईंशी अजून फारसं बोलत नाहीत, पण त्यांच्यासाठी स्टूल आणून ठेवतात. मुलांची रांग पुतळी लावते. अजून मोठं करा, असं प्रत्येक मूल म्हणतं. बाई माझ्या कडीवर हात ठेवून सांगतात की इथून एवढंच दिसतं.

मित्रांनो, माझ्यासारखी दुर्बीण घ्याल तेव्हा तिला काय दिसतं ते विचारा आणि काय दिसत नाही तेही विचारून घ्या. तिला कोरड्या जागी ठेवा, तिची काच मऊ फडक्याने पुसा. आणि चित्र धुरकट आलं तर तसंच येऊ द्या, पाऊल पुढे टाकू नका. यंदा त्या घरट्यातून तीन पिल्लं चालत पाण्यात उतरली. पुतळीने ती माझ्यातून मोजली, आणि जनूभाऊंना हाक मारून तिने आधी त्यांना बघायला दिलं.