कासराभर दिवस

मित्रांनो, मी एक जुना कासरा आहे. कासरा म्हणजे बैलाच्या वेसणीपासून गाडीवानाच्या हातापर्यंत जाणारा दोर. तुमच्यापैकी पुष्कळांनी मला पाहिलंही नसेल. पण तुमच्या घरातली मोठी माणसं अजून म्हणत असतील, 'दिवस कासराभर वर आला.' सूर्य उगवून माझ्या लांबीएवढा वर चढला, असा त्याचा अर्थ. आभाळ मोजायला माणसं माझं नाव घेतात, याचा मला फार तोरा होता. आता तो उरलेला नाही.

ताडकळसच्या एका दोर वळणाऱ्याने मला सुतापासून वळलं आणि बाजारात मांडलं. बैलांसाठी दोर घ्यायला आलेल्या भुजंगरावांनी माझं एक टोक पायाखाली दाबलं, दुसरं जोर लावून ओढलं आणि म्हणाले, "लय चिवट हाय. तुटायचा न्हाई." या शाबासकीवर मी कितीतरी वर्षं काढली. पेरणी केली, कापसाच्या गाड्या मानवतला नेल्या. मग ट्रॅक्टर आला, बैल गेले आणि मी गोठ्यातल्या खुंटीवर लटकलो. माझ्यावर कोळ्यांनी संसार थाटला. माझी कुणाला आठवण झाली नाही, आणि खरं सांगायचं तर तेच बरं होतं.

लॉकडाऊन लागला आणि भुजंगरावांची मुलगी ऋतुजा परभणीहून घरी आली. ती तिथे खोली करून पोलीस भरतीची तयारी करत होती. मैदान बंद झालं, भरती पुढे ढकलली गेली, पण पोरगी काही थांबली नाही. तिने मला खुंटीवरून काढलं, झटकलं आणि दुहेरी करून अंगणात उड्या मारू लागली. गोळा नव्हता, म्हणून आईचा वरवंटा फेकायची. "फुटला तर चटणी तुज्या डोक्यावर वाटू का?" असं राजेश्रीबाई ओरडायच्या आणि तोंडाला पदर लावून हसायच्या. म्हातारपणी पुन्हा कामाला लागल्याने मी अगदी हरखून गेलो होतो.

भुजंगरावांना मात्र मुलीने गावातून पळणं आवडत नव्हतं. त्यांनी नाही म्हटलं नाही. एवढंच म्हणाले, "दिवस कासराभर वर यायच्या आत घरात दिसली पायजे. लोकांच्या नजरंला यायचं न्हाई." त्यानंतर त्यांनी त्या पळण्याचं नाव काढलं नाही. ती अंधारात बाहेर पडली की ते बाजेवर कूस बदलून भिंतीकडे तोंड करायचे.

त्या दिवसांत गावाने वेस बंद केली होती. बाहेरचं कुणी आत येऊ नये म्हणून रस्त्यावर बांबू आडवा लावला होता. एका संध्याकाळी कुणीतरी मोटारसायकल दामटली आणि बांबू मोडला. पहाऱ्यावरचे मुंजाजी घरी आले. "भुजंगराव, एखादा दोर हाय का? आजच्यापुरतं भागवू." भुजंगरावांनी मला नेलं आणि दोन बाभळींच्या मधे कंबरेएवढ्या उंचीवर आवळून बांधलं. रात्रीतून गाठी खोडावरून घसरल्या आणि मी गुडघ्याच्या खाली आलो. खुणेला एखादी चिंधी बांधावी, हे कुणालाच सुचलं नाही.

पहाटे मला पावलांचा आवाज आला. तो मी ओळखला. रोज अंगणात माझ्यावरून उडणारी ती पावलं. एरवी ती बांबूखालून वाकून जायची; त्या पहाटे बांबू दिसला नाही, म्हणून ती तशीच धावत आली. पण दोराला हाक मारता येत नाही. मित्रांनो, आयुष्यात एकदाच मी तुटायला हवं होतं, आणि मी तुटलो नाही.

ऋतुजाचा घोटा मोडला. तिला परभणीला न्यायला जीप आली तेव्हा रस्त्यात मीच आडवा. तिच्या धडकेने मी असा आवळलो होतो की स्वतःच मारलेली गाठ भुजंगरावांना सुटेना. शेवटी त्यांनी विळ्याने मला मधोमध कापलं. राजेश्रीबाई एवढंच म्हणाल्या, "पोरगी रोज ह्याच रस्त्यानं जाती. तुमाला ठाव न्हवतं?"

"म्या कधी इचारलंच न्हाई," ते म्हणाले.

गावात कुणी कुणी कुजबुजलं की बापाने मुद्दाम बांधला. ते खोटं आहे. माझ्या गाठी त्यांच्या हातच्या, मला माहीत आहे. पण मुद्दाम नव्हतं, हे तोंडाने सांगायचीही त्यांना लाज वाटत होती.

प्लास्टर निघाल्यावर ऋतुजाने माझे दोन तुकडे शोधून काढले आणि पक्की गाठ मारून जोडले. भुजंगरावांनी बाजारातून नवी दोरी आणली होती. ती म्हणाली, "ह्योच बरा हाय, बाबा." ती उड्या मारू लागली की माझी गाठ दर उडीला जमिनीवर टक्कन आपटायची. भुजंगराव जेवत असले तर त्यांचा घास हातातच राहायचा. भरती आणखी पुढे गेली तेव्हा गावातली पोरं हळहळली. भुजंगरावांना मात्र घोट्याला वेळ मिळाला म्हणून हायसं वाटलं, आणि तसं वाटल्याचीही त्यांना खंत वाटली. माझंही तसंच झालं.

अखेर भरती निघाली. ऋतुजा धावली आणि थोडक्यात राहिली. परभणीहून आली ती पायऱ्यांवर बसून राहिली.

"घोटा दुखला का गं?" भुजंगरावांनी विचारलं.

"न्हाई बाबा. दम कमी पडला."

खरं काय ते मलाही माहीत नाही. भुजंगरावांनी काही ते मानलं नाही. ते उठून गोठ्यात आले, मला खुंटीवरून काढलं आणि माझं एक टोक अंगणातल्या कडुलिंबाला बांधलं. दुसरं टोक हातात धरून तिच्या उड्यांसाठी मला गरगर फिरवून पाहिलं. मग म्हणाले, "पुढल्या भरतीला अजून वेळ हाय. उद्या कुठून पळणार हाईस?"

ऋतुजाने मान वर केली. एवढ्या वर्षांत हे तिला कुणी विचारलं नव्हतं.

"येशीपासून कॅनॉलपतूर. पर यायला उशीर हुईल. दिवस कासराभर वर येईल."

"येऊ दे की," भुजंगराव म्हणाले. "मी यायलोय संगं."

मित्रांनो, आता मी मधे जोड असलेला, पहिल्यापेक्षा आखूड कासरा आहे. माझ्याने आभाळ मोजलं जायचं नाही. पण कधी तुम्ही एखादी वाट बंद करायला निघालात, तर गाठ मारण्याआधी घरात एकदा विचारा, या वाटेने आपलं कुणी धावतं का? आम्हा दोरांना ते विचारता येत नाही. तुम्हाला येतं.