बार नसलेलं काडतूस

माझ्या पितळी अंगाला एक भोक आहे. बुडापासून बोटभर वर, मोहरीचा दाणा जेमतेम आत जाईल एवढं. ते ज्याला दिसतं, त्याला कळतं की माझ्या पोटात दारू नाही. मित्रांनो, मी रायफलचं एक जुनं काडतूस आहे. पण मी कधी उडालो नाही आणि उडणारही नाही. कारखान्यातच मला सरावासाठी असं बनवलं.

सौदी अरेबियातल्या हाइल शहराबाहेरच्या नेमबाजी क्लबात मी आलो. तिथले प्रशिक्षक नसरुद्दीन, रत्नागिरीकडचे. ते मला खऱ्या काडतुसांत मिसळून मॅगझिनमध्ये भरत. माझी पाळी कधी येणार, हे शिकणाऱ्याला ठाऊक नसे. चाप ओढला की धडाक्याऐवजी नुसतं 'टक्'. आवाजाच्या धास्तीने जो आधीच दचकतो, त्याची नळी त्या क्षणी खाली झुकते आणि चूक उघडी पडते. गव्हाच्या शेतांचे राखणदार स्वसंरक्षणासाठी शिकायला येत. चांगले दांडगे गडी, पण तेही माझ्यापुढे दचकत.

"यानं माझ्यापेक्षा जास्त शिकवलंय," मला पुसताना नसरुद्दीन म्हणत. एकदा मात्र मी कपाटामागे पडलो आणि अख्खा उन्हाळा धूळ खात राहिलो. सापडलो तेव्हा काळवंडलो होतो. त्यांनी घासून मला लख्ख केलं.

मग नियम आला, की प्रशिक्षकाची जागा सौदी माणसालाच द्यायची. क्लबचे मालक हम्माद भले गृहस्थ. "सहर तयार झाली असं तू म्हण, मग तिला नेमू," एवढंच ते म्हणाले. सहर हाइलचीच, नसरुद्दीनच्या हाताखाली शिकत होती. हम्माद दर महिन्याला विचारत आणि नसरुद्दीन दर महिन्याला सांगत, "अजून थोडं." तोवर तिची नोकरी कच्चीच.

गावाहून त्यांची बायको कुबरा फोनवर झापायची. "त्या पोरीला काय तोफ चालवायला शिकवताय? की घरी यायचं जिवावर आलंय?"

"तसं नाय गो," ते पुटपुटत आणि विषय बदलत.

क्लबात एक रीत होती. शिष्याचा सराव झाला की उस्तादाने गोळ्या झाडायच्या, आणि त्याचं मॅगझिन शिष्याने भरायचं. एका सकाळी सहरने गुपचूप मला आत सारलं.

टक्! नसरुद्दीनची नळी चांगली दोन बोटं खाली गेली.

"उस्ताद, आज तुमच्या रायफलनं मला सलाम ठोकला!" सहर म्हणाली.

"चेष्टा पुरे. टार्गेटवर काय दिसलं ते सांग."

"टार्गेट बघितलंच नाही. मी तुमचा खांदा बघत होते. हल्ली तो आधीच आवळतो. झोप लागत नाही का?"

नसरुद्दीननी मला बाहेर काढलं आणि मोठ्याने हसले. शिकणारा टार्गेटकडे बघतो, शिकवणारा खांद्याकडे. हे त्यांनी तिला कधी सांगितलं नव्हतं.

मित्रांनो, मी आत आहे हे इतक्या मुरलेल्या माणसालाही कळलं नाही. म्हणून कुणी कितीही सांगो, बंदूक रिकामी आहे असं कधीच धरून चालू नका. आणि शिकवणाऱ्या वस्तूंना, माणसांनाही, धूळ खात ठेवू नका.

तेवढ्यात हम्माद चहाचा पेला घेऊन दारात आले. "काय नसरुद्दीन? या महिन्यातही अजून थोडंच ना?"

मी नसरुद्दीनच्या मुठीत होतो. मूठ सैल झाली.

"नाही," ते म्हणाले. "सहर तयार आहे, हिवाळ्यापासूनच आहे. हम्मादसाहेब, माझा फायनल एक्झिटचा, कायमचं परत जायचा, व्हिसा लावा. मी घरी चाललो."