हंड्याला माणूस

अहो ताई, खांबाजवळचा तो हंडा हलवू नका. असू द्या तिथंच. बुवांना यायला अजून अवकाश आहे, तबला लावून झालाय. या, असे जवळ सरकून बसा सगळे. देवाची कथा बुवा सांगतीलच. तोवर मी या हंड्याची सांगतो. ऐकून उठाल तेव्हा मन थोडं ओलं झालेलं असेल, एवढा शब्द देतो.

गोष्ट दुष्काळाच्या सालातली. वाळूजला कारखान्यांची धुराडी उभी राहत होती, आमचं औरंगाबाद चहूकडं वाढत होतं, आणि प्यायला पाणी नव्हतं. मी गुलमंडीत कापडाच्या दुकानात मापं काढायचो आणि कालिंदीबाईंच्या कीर्तनात तबल्याला बसायचो. तालमीसाठी सायकलनं पुंडलिकनगरात त्यांच्या घरी जायचो. तिथं ओसरीवर कायम एक शिकवणी चाललेली असे. शिकणारी एकच, द्वारकाबाई.

"टँकर आला. पाणी मिळालं नाही. ही दोन वाक्यं जोड," बाई म्हणायच्या.

द्वारकाबाईनं इंग्रजीत जोडलं. सुरुवातीला 'ऑल्दो' घातलं, मध्ये 'बट'ही घातलं.

"चुकलं. ऑल्दो आलं की बट नको."

"का बरं? आपल्यात जरी आलं की मागून तरी येतंयच की."

"आपल्यात येतं. इंग्रज एका वेळी एकच हंडा उचलतो."

"मंग लई नाजूक हाय तुमचा इंग्रज. आमी डोक्यावर दोन अन् काखंत एक नेतोत!"

बाई पदर तोंडाला लावून हसल्या. मग पुन्हा शिकवायला लागल्या. "आता फरक बघ. 'बट' घातलंस तर दोन्ही वाक्यं सख्ख्या जावा. आपापल्या पायांवर उभ्या. 'ऑल्दो' घातलंस तर एक वाक्य दुसऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून उभं राहतं. खांदा काढून घेतला की ते पडलं."

"मंजी एकीनं उभं राहायचं दुसरीसाठी."

"तसंच."

बाईंची शिकवायची रीत त्यांचीच. आयुष्यभर मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवलं, पण जन्म कीर्तनकाराच्या घरचा. त्या म्हणायच्या, पूर्वरंगात निरूपण, उत्तररंगात आख्यान, आणि मधे नामाचा गजर. गजर काढून टाका, एका कीर्तनाचे दोन तुकडे होतात. वाक्याचंही असंच आहे. म्हणून प्रत्येक जोड त्या गजराच्या चालीवर म्हणून घ्यायच्या, मांडीवर ताल धरून. द्वारकाबाईचं इंग्रजी असं भजनाच्या अंगानं डोक्यात शिरत होतं. शेजारची गोजरबाई जाता येता टोमणा मारायची, "काय वं द्वारके, लेकरं शाळंत घालायच्या वयात सोताच मॅट्रिक करायली व्हय?"

द्वारकाबाई पुढचं वाक्य म्हणायला घ्यायची. गावची विहीर आटली तेव्हा ती आणि तिचा नवरा कारभारी दोन लहान लेकरं घेऊन शहरात, बाईंच्याच गल्लीत राहायला आले. तो वाळूजच्या कारखान्यात पाळीवर जाई, ती एका इस्पितळात रोजंदारीवर आया होती. तिचा हात हलका. तिथल्या मोठ्या सिस्टरनी सांगितलं होतं, "यंदा मॅट्रिक हो, तुला नर्सच्या ट्रेनिंगला धाडते. पुढच्या साली वय निघून जाईल तुझं." बाकी विषय निघाले होते. इंग्रजीनं मात्र तिला पुन्हा पुन्हा पाडलं होतं.

आणि इंग्रजीचा पेपर आला नेमका दासनवमीला, दुपारचा.

दासनवमीचं म्हणजे समर्थांच्या पुण्यतिथीचं, याच राममंदिरातलं दुपारचं कीर्तन. बाईंच्या वडिलांचा तो मान, त्यांच्यामागं बाईंकडं आला. बाईमाणसानं उभं राहून कीर्तन करावं हे देवळाच्या तेव्हाच्या मंडळींपैकी काहींना रुचत नव्हतं. बोलायला निमित्त मिळत नव्हतं एवढंच.

त्या सकाळी पुंडलिकनगरात बातमी आली की टँकर येणार. बऱ्याच दिवसांनी येणार होता. केव्हा, ते टँकरवाल्यालाच ठाऊक. भराभर हंडे ओळीत लागले. गल्लीचा कायदा कडक: हंड्याला माणूस पाहिजे. नुसता हंडा ठेवून कुणी गेलं की गोजरबाई तो पायानं ओळीबाहेर सारायची. पोरासोरांचा नंबर धरत नसत. आणि एका माणसाला एकच घर. स्वतःचे धरले तर दुसऱ्याचे हंडे धरता यायचे नाहीत. कायदा कठोर होता, पण त्यामुळंच म्हाताऱ्याकोताऱ्यांनाही पाणी मिळे.

कारभारी पाळीवर गेलेला. द्वारकाबाई हंड्याशी बसून राहिली.

"पेपरला निघाली नाहीस?" बाईंनी विचारलं.

"नाय जात. रांजणात थेंब नाय, बाई. लेकरं सकाळधरनं पाणी मागायलीत. पेपराचं काय, नशिबातच नाय म्हनायचं."

"ऊठ."

"अन् हंडे?"

"हंड्याशी मी उभी राहते. लेकरं माझ्या ओसरीवर खेळतील."

"अवो, पर तुमचं कीर्तन?"

"टँकर वेळेवर आला तर तेही होईल. जा, बस चुकेल."

बाईंनी स्वतःचा हंडा उचलून ओसरीवर पालथा ठेवला आणि द्वारकाबाईच्या हंड्यांशी येऊन उभ्या राहिल्या. अंगावर कीर्तनासाठी नेसलेलं नऊवारी, कपाळाला बुक्का.

इकडं मंदिरात लोक जमले. पेटी सुरात लागली. बाईंचा पत्ता नाही. मंडळींनी मला पिटाळलं, "रामकिसन, बघ जरा, कुठं अडकल्या."

मी सायकल मारत गेलो. माघातच ऊन असं की डांबर चाकाला चिकटत होतं. गल्लीत शिरलो तर बायका हंड्यांच्या सावलीला बसलेल्या आणि एकट्या कालिंदीबाई उभ्या.

"बाई! अहो, लोक खोळंबलेत!"

"खोळंबू देत. रामरायाला चौदा वर्षं वाट बघायची सवय आहे."

"त्याला असेल, मंडळींना नाही! दुसऱ्या कुणाला उभं करतील."

बाईंनी द्वारकाबाईचे हंडे ओळीत नीट सारले. मग म्हणाल्या, "करू देत. कीर्तन कुणीही केलं तरी रामापर्यंत पोचतं. हे पाणी त्या लेकरांपर्यंत दुसरं कोण पोचवणार?"

मी म्हटलं, मी उभा राहतो. माझ्या तोंडून शब्द निघाला आणि गोजरबाई उठली. "ह्या गल्लीतला हाय का तू? बाहेरच्याचा नंबर नाय धरत आमी." मग बाईंकडं वळून जरा नरमाईनं म्हणाली, "बाई, तुमचं कीर्तन तर बुडालंच. टँकरचा पत्ता नाय. हितंच म्हना की कायतरी, आमीबी ऐकतोत."

"नाही गं," बाई म्हणाल्या. "इथं मी द्वारका म्हणून उभी आहे. द्वारका कुठं कीर्तन करते?"

 गोजरबाईनं घरात जाऊन एक पाट आणला आणि त्यांच्या पायांशी ठेवला. बाई त्यावर बसल्या नाहीत.

मी तसाच परतलो. मंडळींनी उत्सवाला आलेल्या एका बुवांना उभं केलं होतं. मी ठेका धरला, पण चित्त थाऱ्यावर नव्हतं. आरती झाली तशी पुन्हा सायकल काढली.

टँकर सांज उतरताना आला. धक्काबुक्की, आरडाओरड, अंगावर उडणारं पाणी. बाईंनी द्वारकाबाईचे हंडे भरून घेतले, एकेक करून तिच्या दाराशी नेले. शेवटचा हंडा ठेवत होत्या तोच द्वारकाबाई धापा टाकत आली. बाईंचं भिजलेलं नऊवारी बघून रडायलाच लागली.

"आधी पेपर कसा गेला ते सांग."

"सांगते की. वाक्यं जोडायचीच आली पुष्कळ. मी बाकावर ताल धरला अन् लागले म्हनायला. मास्तर धावतच आला. म्हनला, बाई, हे भजन बंद करा, न्हाय तर पेपर काढून घेईन!"

"मग?"

"मंग पायाच्या अंगठ्यानं धरला ताल. तोंडानं गप. सगळी जोडली, बाई. एकबी हंडा जास्तीचा उचलला नाय."

बाई हसल्या. त्या संध्याकाळी पहिल्यांदाच त्या गोजरबाईनं आणलेल्या पाटावर टेकल्या. गोजरबाई आपली भरलेली घागर घेऊन आली. तिनं बाईंचा ओसरीवरचा पालथा हंडा उताणा केला आणि त्यात अर्धी घागर रिती केली.

द्वारकाबाई पास झाली. नर्स झाली. पुढं कितीतरी बाळंतिणींनी पहिला धीर तिच्या आवाजात ऐकला. आणि बाईंचं कीर्तन? मंडळींना निमित्त मिळालं होतं. "ज्यांना उत्सवापेक्षा टँकर मोठा," असं कुणी म्हणालं, आणि दासनवमीचा मान दुसरीकडं गेला. पुन्हा कधी आला नाही.

मला वाटलं, बाई आता देवळाची पायरी चढायच्या नाहीत. पुढच्या दासनवमीला पाहतो तर याच खांबाशी, पुढं, मांडी घालून बसलेल्या. बुवा नवखे होते, आख्यानात अडखळले. सगळ्यांच्या आधी बाईंनी टाळी धरून नामाचा गजर उचलला आणि त्यांना सावरून घेतलं. पुढं दर साली त्या तिथंच बसत. कपाळाला बुक्का, मांडीवर ताल. मान गेल्याचं अवाक्षर त्यांच्या तोंडून मी ऐकलं नाही.

आता बाई नाहीत. द्वारकाबाईही थकली, गुडघे धरलेत, नातवाच्या गाडीवर बसून येते. पण दासनवमीला सकाळीच येऊन या खांबाशी भरलेला हंडा ठेवून जाते आणि कीर्तनाला परत येते. मागं एका नव्या सेवेकऱ्यानं तो उचलायला हात घातला, तर म्हणाली, "राहू दे बाबा. नंबर हाय तो."

ती बघा, आलीच. बुवाही आले. चला, मी तबल्याकडं जातो. ताई, तुम्ही थोडं सरकून बसा, खांबाशी एका माणसाची जागा मोकळी राहू द्या. आणि गजर सुरू झाला की पहिली टाळी वाजवताना एवढं करा: आमच्या कालिंदीबाईंना आठवा.