फोनवर न लागणारा नंबर

मित्रांनो, मी कामशेतच्या चैतालीचा जुना लॅपटॉप आहे. तिच्याकडे येण्याआधी मी आंबीच्या एका कारखान्यात होतो. माझं झाकण सैल झालं, बॅटरी लवकर उतरू लागली, तशी तिथल्या लोकांनी मला कपाटात टाकलं. तेव्हापासून मला माणसांवर पटकन विश्वास ठेवता येत नाही. चैतालीने मला घरी आणलं आणि आल्या आल्या माझ्या कॅमेऱ्यावर चिकटपट्टी लावली. हीसुद्धा माझ्यासारखीच शंकेखोर दिसते, असं मला वाटलं.

चैताली डिझाइन शिकते. अक्षरं कशी बसवावी, कुठे किती जागा मोकळी सोडावी, हे तिला चांगलं जमतं. तिच्या कामाची स्तुती झाली की मीही सुखावत असे. पण कॉलेजात वेब कोडिंगचा तास सुरू झाला आणि तिच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"कोड शिकलं की माणूस कोडात सोपं पडेल तेवढंच चित्र काढतो. हात बिघडतो," ती वर्गातल्या ओंकारला म्हणाली. "मी चित्र काढीन, कोड तू लिही."

त्याच सुमारास लोणावळ्याजवळच्या वलवणला राहणाऱ्या तिच्या मावशीने, झुंबरबाईंनी, पर्यटकांसाठी घरगुती जेवण सुरू केलं होतं. चैतालीने माझ्यावर त्यांच्या वेबसाइटचं सुरेख चित्र काढलं. ओंकारने त्यावरून साइट बनवली. माझ्या रुंद स्क्रीनवर मावशीचा फोन नंबर ठळक झळकू लागला.

डिसेंबरच्या सुट्ट्यांत लोणावळा माणसांनी भरून गेलं. मावशीचा फोन मात्र वाजेना.

"आज एक जोडपं घर शोधत आलं," आम्ही तिच्या घरी गेलो तेव्हा मावशी म्हणाली. "म्हनत व्हते, फोन लागतच न्हाई. लोकं समदी त्या राजेंद्रच्या हाटेलात जात्यात. रांधलेलं तसंच पडतंय."

चैतालीने मला उघडून पाहिलं. नंबर बरोबर होता. मग तिने स्वतःच्या फोनवर साइट उघडली. तिथे नंबर नव्हता, फोनचं एक चिन्ह होतं. ते दाबताच भलत्याच नंबरला फोन गेला आणि तोही बंद.

राजेंद्र म्हणजे ओंकारचा काका. चैतालीचा चेहरा उतरला. "मला दाखवायला लॅपटॉपवर बरोबर, आणि गिऱ्हाइकाला फोनवर चुकीचा," ती पुटपुटली.

मला पिशवीत घालून ती तडक त्या हॉटेलात गेली. ओंकार गल्ल्यापाशी उभा होता.

"काकाचं हॉटेल भरायला मावशीचा नंबर बदललास ना?"

"काय बोलतेस तू?"

"पुरावा आणते मग सांगते."

आजूबाजूची माणसं खाता खाता थांबली. ओंकार मान वळवून गल्ल्यातले पैसे मोजू लागला. मलाही तो चोरच वाटला.

अशा रीतीने चैताली कोड शिकायला बसली, ते चोर पकडायला. साइटचा कोड उघडून ती एकेका ओळीकडे संशयाने बघायची. काहीच कळेना तेव्हा धडे पाहून ती पहिल्यापासून शिकू लागली. एका दुपारी तिने एक आकडा बदलून पाहिला आणि मावशीचं नाव चुलीच्या फोटोपासून जरासं दूर सरकलं. तिने तो आकडा पुन्हा बदलला, मग आणखी एकदा. नजरेने जी जागा ती इतकी वर्षं मोजत होती, ती इथे तिच्या हाताने हलत होती. त्या दुपारी ती चोराला विसरली. मला मात्र भीती वाटत होती, की राग आला तर ही मला आपटेल.

पुढे तिला ती जागा सापडली. मोठ्या स्क्रीनसाठी एक बटण होतं आणि फोनसाठी वेगळं. ओंकारने इंटरनेटवरचा एक तयार नमुना वापरला होता. चैतालीने तो मूळ नमुना शोधून उघडला. बंद असलेला तो नंबर तिथेही होता, उदाहरणादाखल टाकलेला. ओंकारचा नव्हता, काकाचाही नव्हता. फोनवर साइट कशी दिसेल, याचं चित्र चैतालीने काढलंच नव्हतं. ते कोडवाल्याचं काम, असं ती म्हणाली होती.

दुसऱ्या दिवशी मला घेऊन ती पुन्हा हॉटेलात गेली आणि तशाच भरल्या हॉटेलात म्हणाली, "ओंकार, तू काही केलं नव्हतंस. माझं चुकलं."

"नंबर बदलायचा राहिला, ती चूक माझीच," तो म्हणाला. "पण तू मला नुसतं विचारायचं होतंस." आणि तो आत निघून गेला.

फोनसाठीचं चित्र चैतालीने काढलं आणि त्याचा कोडही स्वतःच लिहिला. काही दिवसांनी ती मावशीकडे भाकऱ्या थापायला बसली होती. मी बाजूच्या खाटेवर होतो. मावशीचा फोन वाजला.

"मावशी, मी ओंकार. साइटवरून नंबर लागतोय का, ते बघत होतो."

मावशीने चैतालीकडे पाहिलं. "लागतोय की," ती म्हणाली. "आता जेवायलाच ये. लय दिस आला न्हाईस."

मित्रांनो, मी अजून शंकेखोरच आहे. चैताली नव्या लॅपटॉपच्या जाहिराती बघते, तेव्हा माझा पंखा जोरात फिरतो. तरी तुम्हाला एक विनंती करतो. माझ्यासारखं जुनं यंत्र अडलं, तर ते कपाटात टाकण्याआधी उघडून बघा. आणि एखाद्या माणसाबद्दल मनात संशय आला, तर चारचौघांत बोलण्याआधी त्याला एकदा विचारून बघा.