सेकंदाला पाच

मनस्वीने मोबाइल शाडूच्या पोत्याला टेकवून उभा केला, रेकॉर्डिंग चालू केलं आणि चार पावलं मागे येऊन लाकडी तलवार डोक्यावर नेली. श्वास सोडत ती सरळ खाली आणली, बेंबीच्या उंचीवर थांबवली. थांबवणं हीच अडचण होती. टोक थरथरत राहायचं.

"मनूताय, आज किती जपानी मारले?" कारखान्याच्या दारातून निकेशने विचारलं. गणपतीच्या मूर्तींना अंगाचा रंग तो द्यायचा. हातातली स्प्रेगन त्याने तिच्यावर रोखली.

"तू मध्ये आलास तर एक पेणकर मरेल."

ओट्यावर बसलेले बाबा हसले. "मरू दे. पन रंग संपल्यावर मार. सव्वातीनशे मूर्ती बाकी हायत."

तलवार वडखळच्या सुताराने चित्र बघून बाभळीची करून दिली होती. जपानी तलवारबाजी शिकवणारं कोणी पेणमध्ये नव्हतं आणि ती रोज कंपनीच्या लॅबमध्ये जायची त्या रोह्यातही नव्हतं. व्हिडिओतले म्हातारे शिक्षक तिची चूक सांगू शकत नव्हते. म्हणून ती मोजायची. मोबाइल सेकंदाला दोनशे चाळीस फ्रेम टिपायचा. तलवार थांबल्यावर टोक किती वेळा वरखाली होतं, ते ती वहीत लिहून ठेवायची. मार्चमध्ये नऊ हेलकावे होते, आता चार.

रोह्याच्या एसटीत तिने सकाळचा व्हिडिओ संथ करून पाहिला. चार हेलकाव्यांनंतर टोक स्थिर झालं. तरीही चित्रात काहीतरी हलत होतं.

मागे ओट्यावर बाबा बसले होते. त्यांचा उजवा हात मांडीवर होता. मातीची बारीक गोळी वळावी तसा अंगठा तर्जनीवर फिरत होता, पण बोटांत माती नव्हती. मोबाइल हलला असेल म्हणून तिने शेजारचा खांब पाहिला. खांब जागच्या जागी होता. तिने फ्रेम मोजल्या. एका हेलकाव्याला अठ्ठेचाळीस, म्हणजे सेकंदाला पाच. तलवारीच्या टोकासारखे हे हेलकावे विरत नव्हते.

तिने जुने व्हिडिओ उघडले. मार्चमध्येही ते होतं. तेव्हा तिने फक्त टोक पाहिलं होतं.

जेवणाच्या सुट्टीत डबा न उघडता ती वाचत बसली. कंपवात. हात स्वस्थ असताना थरथरतो, कामाला लागला की बऱ्याचदा थांबतो. पुढे पुढे कामातही थरथरू लागतो. शेवटचं वाक्य तिने दोनदा वाचलं.

संध्याकाळी ती परतली तेव्हा बाबा आखणी करत होते. मूर्तीचे डोळे रेखणं हे कारखान्यातलं शेवटचं आणि सगळ्यात अवघड काम. डोळा चुकला की बाकीचे तो पुसून पुन्हा काढत. बाबांना पुसताना तिने कधी पाहिलं नव्हतं. ब्रश पापणीवरून गेला आणि केसाएवढी रेघ मागे राहिली. हात जराही हलला नाही.

निकेशने चहा आणला. बाबांनी ब्रश खाली ठेवला नाही, कप डाव्या हाताने घेतला. ही त्यांची जुनी सवय, असं ती धरून चालली होती. किती जुनी, ते आता तिला आठवेना.

निकेश बाहेर गेल्यावर ती म्हणाली, "बाबा, एकदा अलिबागला डॉक्टरकडे जाऊन येऊ."

"कोनाला काय झालंय?"

"मला. मनगट दुखतंय."

"मग ती तलवार ठेव खाली."

"तुम्ही ब्रश ठेवता का?"

बाबांनी तिच्याकडे पाहिलं नाही. समोरच्या मूर्तीचा एक डोळा झाला होता, एक कोरा होता. "गनपती होऊ दे," ते म्हणाले. "मग बघू तुझं मनगट."

गणपतीला एक्केचाळीस दिवस होते. दिवसाला आठ मूर्ती. हा हिशोब तिने मनात कधी केला, ते तिलाच कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने मोबाइल पोत्याला टेकवला आणि जरासा डावीकडे वळवला. ओटा चित्राबाहेर गेला. रेकॉर्डिंग चालू करून तिने तलवार उचलली.

बाबा ओट्यावरून उठले. कोपऱ्यातलं पत्र्याचं स्टूल ओढत त्यांनी मोबाइलसमोर आणलं आणि तिच्या शेजारी, दोन हात अंतरावर, बसले. उजवा हात मांडीखाली दाबलेला होता.

"बाबा, लागेल तुम्हाला."

"चालू हाय ना ते?"

"हो."

"परवा निकेशला सांगत होतीस. ह्याच्यात बारीक बारीक मोजता येतं म्हनून."

आत निकेशचा कॉम्प्रेसर सुरू झाला.

बाबांनी हात मांडीखालून काढला, गुडघ्यावर ठेवला आणि बोटं मोकळी सोडली.

"मोज," ते म्हणाले.

मनस्वीने तलवार हळूच जमिनीवर ठेवली. मोबाइलवरचा लाल ठिपका चालूच होता.