खोकले ऐकणारी

तिने खोकला मागे नेला आणि पुन्हा ऐकला. कुणा वयस्क माणसाचा होता. शेवटी छातीत खरखर होती, पण ती मोबाइल कपड्याला घासल्याचीही असू शकत होती. तिसऱ्यांदा ऐकल्यावर तिने ‘ओला’ या चौकटीत खूण केली आणि पुढचा खोकला लावला.

सकाळपासून ती या पेटीत बसून होती. पेटीच म्हणायची ती. भिंतींना जाड फोम, खिडकी नाही, आणि दार लावलं की कानांना दडे बसल्यासारखं व्हायचं. आजारी माणसं आपापल्या मोबाइलवर खोकून पाठवत आणि तो खोकला कोरडा की ओला, हे तिने सांगायचं. असे ढीगभर खोकले ऐकून संगणकाला पुढेमागे नुसत्या आवाजावरून छातीचा आजार ओळखता यावा, असा सगळा खटाटोप होता. खोकणाऱ्याचं नाव तिला कळत नसे आणि पुढे त्याचं काय झालं, तेही कळत नसे.

घरी बाबांना या कामाची भारी गंमत वाटे. “खोकलेच ऐकायचे होते तर परदेशात कशाला गेलीस? आपल्या जिन्यात बसली असतीस तरी भागलं असतं,” असं ते तिला म्हणत. चारचौघांत मात्र आमची ठकी संशोधन करते, असं छाती फुगवून सांगत.

जेवणाच्या सुट्टीत बाकीचे सगळे वर गेले. ठकीने तिथेच डबा उघडला, हेडफोन कानावर ठेवून घरी व्हिडिओ कॉल लावला. या पेटीचं एक बरं होतं, इथे मराठीत मोठ्याने बोललं तरी कुणी वळून बघत नसे. तिकडे संध्याकाळ झाली होती. पडद्यावर आधी आईचं अर्धं कपाळ आलं, मग सबंध आई आली.

“जेवलीस?”

“जेवतेय. तू काय करतेस?”

“काही नाही गं. मावशी येऊन गेली तुझी. तिचं आपलं नेहमीचं...”

आईचा आवाज गेला. आईही गेली आणि पडद्यावर छत दिसू लागलं. जरा वेळाने ती परत आली.

“...नेहमीचं रडगाणं. रेंजच नाही बघ इथे.”

ठकीचा घास हातातच राहिला. रेंज गेली की चित्र गोठतं. छताचा पंखा तर मजेत फिरत होता. आणि बोलायला सुरुवात करण्याआधी आईने जो श्वास आत ओढला, तसले श्वास ठकी दिवसभर ऐकत होती. गेले कित्येक दिवस आईची रेंज अशीच मध्येमध्ये जात होती आणि आपण खुशाल विश्वास ठेवला, याचा तिला संताप आला.

“आई, माइक बंद करायला तुला कुणी शिकवलं?”

“कसला माइक?”

“आई.”

आईने पदराने डोळे टिपले. “दादाने. म्हणाला, तिने ऐकलं तर तिला लगेच कळेल, आणि मग उगाच तिचा जीव टांगणीला लागेल.”

“खोक बघू.”

“असा सांगून येतो होय?”

“येईल. मी थांबते.”

आला. ठकीने हेडफोन कानावर घट्ट दाबले. ओला होता, लांबलेला, आणि दोन उबळींच्या मध्ये श्वास पुरत नव्हता. मागे नेऊन पुन्हा ऐकायला नको, इतका स्पष्ट होता.

“डॉक्टर काय म्हणाले?”

“पाणी झालंय म्हणे छातीत. सोमवारी दाखल व्हायचंय. पाणी काढतील, तपासायला पाठवतील, मग कळेल. तू यायचं मनातसुद्धा आणू नकोस. तिथे तुझं सगळं मार्गी लागलंय, रजा मिळत नाही, ठाऊक आहे मला.” पाठ केल्यासारखं ती भराभरा बोलली आणि थांबली. मग फोन जरा जवळ धरून हळूच म्हणाली, “नाहीच ना जमणार तुला?”

आजवर आईने असं कधी विचारलं नव्हतं. तिने एकदा विचारलं तर हातातलं सगळं टाकून निघायचं, असं ठकीने मनाशी किती वेळा म्हटलं होतं. पण तिचा पासपोर्ट तिथे राहण्याच्या परवान्याच्या मुदतवाढीसाठी सरकारी कचेरीत पडून होता. निकाल लागायच्या आत देश सोडला तर अर्ज रद्द, परत येणं बंद, आणि अर्धवट संशोधनावर पाणी. आणि निघायचं ठरवलं तरी पासपोर्ट सोमवारच्या आत हातात पडेल याचा भरवसा नव्हता. खिडकीवरचा कारकून दर खेपेला गोड हसून ‘लवकरच’ म्हणे. घरी तिने यातलं अवाक्षर काढलं नव्हतं, कारण बाबांची झोप उडाली असती.

“आई, मला येताच येत नाहीये,” ती म्हणाली, आणि तिचा आवाज फुटला. मग एकेक करत तिने सगळं सांगितलं.

आई ऐकत राहिली. मध्येच तिला उबळ आली, पण या वेळी ती तशीच मोकळी खोकली.

“म्हणजे दादाच्या छोटीच्या वाढदिवसाला...”

“तेव्हाही नव्हता पासपोर्ट.”

“मी पडले, पायाला टाके पडले तेव्हा?”

“तेव्हाही.”

“आणि तू म्हणालीस, काम आहे.”

“काम होतंच की गं.”

आई तिच्याकडे टक लावून बघत राहिली. “म्हणजे तुला यायचं होतं?”

“रोज यायचं असतं मला,” ठकी म्हणाली. आता तिला रडू आवरेना.

“आम्हाला वाटलं, तू रमलीस तिकडे. विसरलीस. बोलले नाही कुणाजवळ, पण वाटायचं.” आई झटक्याने दाराकडे वळली. “अहो! अहो, ऐकलंत का? ठकीला येताच येत नाहीये! अडकलीय ती तिथे!”

“काय झालंय?” आतून बाबांचा घाबरलेला आवाज आला.

“अडकलीय हो!” पोर परीक्षेत पहिली आल्याचं सांगावं तशी आई म्हणाली. “यायचं होतं तिला!”